सहा ते नऊ : आवडत्या-नावडत्या शहरांवर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी माझ्या आवडत्या आणि नावडत्या शहरांवर दोन पानं लिहिली. मैसूर आणि कलकत्ता वर, आग्रा आणि गुडगाव खाली, आणि मध्ये ओघात एक वाक्य, 'सेक्टर-सेक्टरच्या गावांना संध्याकाळ नसते.' दोन पानांवर जेवढी पत्रं आली त्याहून जास्त त्या एका वाक्यावर आली, आणि त्यातली बहुतेक खाडीपलीकडून, म्हणजे नवी मुंबईतून. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. निवडक घेते.

प्रश्न : ताई, ताजमहाल ज्या गावात आहे ते गाव नावडतं कसं असू शकतं? तुम्ही ताज पाहिलात तरी का?
*एक वाचक, कळवा*

पाहिला हो. तीनदा पाहिला. माझं भांडण ताजमहालाशी नाही, त्याच्या बाहेरच्या गल्लीशी आहे. पण त्यासाठी माझी मोजपट्टी आधी सांगायला हवी, म्हणजे पुढच्या पत्रांनाही तीच लागू पडेल.

मी बँकेत होते. नोकरीतली १९ वर्षं तपासणी खात्यात गेली. म्हणजे घर ठाण्याच्या नौपाड्यात आणि मुक्काम देशभर. पहिल्या दिवशी शाखा उघडायच्या आत दारात जाऊन उभं राहायचं, आधी कुणाला कळवायचं नाही. कॅश मोजायची, सोनेतारणाची पाकिटं वजन करून बघायची, मग पंधरा-वीस दिवस व्हाउचरच्या गठ्ठ्यांत डोकं खुपसून बसायचं. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा सगळी शहरं सारखीच असतात. तोच पंखा, तोच धुळीचा वास, आणि आपण कुठलंही रजिस्टर मागितलं की मॅनेजरच्या चेहऱ्यावर तेच हसू. फरक पडतो तो सहानंतर. शाखेतली माणसं आपल्याला जेवायला बोलावतात, पण जायचं नसतं. शाखेच्या चहापलीकडे तपासनीसानं काही घ्यायचं नाही, हा माझ्या पहिल्या साहेबांचा दंडक होता आणि तो मी शेवटपर्यंत पाळला. लॉजवर परतावं तर एक खाट, एक टीव्ही आणि आरशावर आधीच्या कुणीतरी चिकटवून ठेवलेली टिकली. मग सहा ते नऊ करायचं काय?

चाळिशीतली एकटी बाई, खांद्याला पर्स, गावात ओळखीचं कुणी नाही. तिला कुठे निवांत बसता येतं, कुठे उगाच चालता येतं, आणि 'अकेली हैं?' हा प्रश्न किती मिनिटांनी येतो, यावर माझे मार्क.

आता आग्रा. साल २००३, थंडीचे दिवस. लॉजच्या काउंटरवरच्या माणसानं रजिस्टर पुढे सरकवलं आणि माझ्या पाठीमागे दाराकडे बघत विचारलं, "साहब पीछे आ रहे हैं?" मी म्हटलं, साहब मैं ही हूँ. त्याला विनोद वाटला. पहिल्या संध्याकाळी बाहेर पडले, रिक्षा केली, किल्ल्याकडे न्या म्हटलं. रिक्षा थांबली संगमरवराच्या दुकानापाशी. 'बस पाँच मिनट मॅडम, देखने का पैसा नहीं.' दुसऱ्या संध्याकाळी दुसरा रिक्षावाला, दुकान तेच. तिसऱ्या संध्याकाळी मी आधीच बजावलं की दुकानात जायचं नाही. तो म्हणाला बिलकूल नहीं, आणि थेट तिथेच नेलं. दुकानदारसुद्धा ओशाळला. "मॅडम, आप फिर?" म्हणाला, आणि निदान त्या दिवशी तरी चहा पाजून सोडून दिलं. ताजच्या भोवती पाचशे मीटरपर्यंत धूर सोडणाऱ्या गाड्यांना बंदी आहे. तशी काही हद्द गळेपडूंसाठीही आखली असती तर मी आग्र्याला दहा जागा वर चढवलं असतं.

मात्र एक नोंद आग्र्याच्या बाजूनं करते. शेवटच्या रविवारी मी यमुनेच्या पलीकडच्या महताब बागेत गेले. ताजची पाठ तिथून दिसते. समोर वाळू, वाळूत म्हशी, आणि पलीकडे तो उभा, हळूहळू रंग बदलत. मला कुणी काही विकलं नाही, कुणी काही विचारलं नाही. अंधारताना रखवालदारानं शिटी मारली तेव्हा उठले. पंधरा दिवसांत एक संध्याकाळ मिळाली म्हणायची. महाराज १६६६ साली पेटाऱ्यातून निसटले असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. माझी आग्र्याहून सुटका पंजाब मेलनं झाली, पण आनंद त्याच जातीचा होता.

प्रश्न : मावशी, मी २४ वर्षांची आहे, ऐरोलीत नोकरी करते. पहिल्यांदाच एकटी फिरायला जाणार आहे. आई 'जा' म्हणतेय पण चेहरा 'नको' म्हणतोय. कोणत्या शहरापासून सुरुवात करू?
*एक वाचक, ऐरोली*

मैसूर. डोळे मिटून मैसूर. बंगळूरपर्यंत रेल्वेनं जा, पुढे दीडशेच्या आत किलोमीटर उरतात. दिवसाउजेडी पोच, एवढी एकच गोष्ट आईसाठी कबूल कर.

मैसूरला राजवाडा आहे, चामुंडीची टेकडी आहे, हे तुला कुणीही सांगेल. मी देवराज मार्केटमधल्या फुलवाल्यांचं सांगते. तिथे मोगऱ्याचा गजरा तोलून देत नाहीत, हातानं मोजून देतात. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक 'मोळ'. आपल्या आज्या हात-दीड हात म्हणायच्या तसंच. चार-पाच दिवस गजरा घेतल्यावर माझ्यातली तपासनीस जागी झाली. भाव सगळीकडे एकच, पण हात सगळ्यांचे एक नाहीत! मग मी रांगेतला सगळ्यांत उंच फुलवाला शोधून काढला आणि रोज त्याच्याचकडे जाऊ लागले. चौथ्या दिवशी त्याच्या ते लक्षात आलं. शेजारच्या बुटक्या फुलवाल्याकडे बोट दाखवून तो कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला आणि दोघं खो-खो हसले. मला एक अक्षर कळलं नाही, पण सगळं कळलं.

दुसरी गोष्ट 'बाय टू'. कर्नाटकात दोघांत एक कॉफी मागवायची रीत आहे. एक कप सांगायचा, दोन पेल्यांत वाटून येते. मी एका उडुपी हॉटेलात एकटीच बसले होते, गर्दी होती, म्हणून समोर एक आजी येऊन बसल्या. सत्तरीच्या, नाकात दोन्हीकडे चमक्या. माझ्याकडे बघून नुसतं म्हणाल्या, "बाय टू?" मी मान हलवली. कॉफी आली, आम्ही प्यालो, त्यांनी आपले अर्धे पैसे नाणी मोजून टेबलावर ठेवले आणि निघून गेल्या. नाव नाही, गाव नाही, नवरा काय करतो नाही. एकट्या बाईला याहून सुंदर वागणूक कोणत्या शहरानं दिली असेल तर मला माहीत नाही.

रविवारी संध्याकाळी राजवाड्यावर जवळजवळ लाखभर दिवे लागतात. सातच्या जरा आधी जा, मोकळ्या मैदानात उभी राहा आणि लागायच्या क्षणी राजवाड्याकडे न बघता लोकांच्या तोंडाकडे बघ. मी दुसऱ्या रविवारी तसं केलं. हा राजवाडा १९१२ साली पुरा झाला, आधीचा लाकडी वाडा आगीत गेला होता. पण ते पाटीवर लिहिलेलं आहे, तुला सापडेल.

आता थोडं कामाचं. तुम्ही मुली फोनवर खोली घेता, तरी पोचल्यावर आधी खोली बघ, मग ओळखपत्र दे. बघायचा क्रम असा : बाथरूमची कडी, खोलीची कडी, खिडकी, मग गादी. तळमजला नको, कोपऱ्यातली शेवटची खोलीही नको. खाली खानावळ असलेला लॉज घे, तिथे उशिरापर्यंत बायका-पोरांचा वावर असतो. आणि आईला रोज एकाच ठरलेल्या वेळी फोन कर. सारखा करू नकोस. सारखा केलास आणि एकदा चुकला, की ती ठाण्याहून निघेल.

प्रश्न : कलकत्त्याला घाम, चिखल, गर्दी. मी तीन दिवसांत पळालो. तुम्हाला नेमकं काय आवडलं?
*एक ज्येष्ठ वाचक, पाचपाखाडी*

घाम खरा. चिखलही खरा. एकदा ऑगस्टात कॉलेज स्ट्रीटला पोटरीएवढं पाणी होतं आणि माझी एक चप्पल त्यात गेली ती गेलीच. उरलेली हातात घेऊन दुकान शोधत फिरले. माणसानं ओढायच्या रिक्षात बसायला एकानं फार आग्रह केला, त्याची कमाईची वेळ होती ती, पण पाय उचललाच नाही. तो मला शिव्या देत गेला असणार आणि त्याचंही बरोबर होतं. या तुमच्या सगळ्या तक्रारी मी मान्य करते, काका. तरीही कलकत्ता.

कारण कॉफी हाऊस. कॉलेज स्ट्रीटचं, पुस्तकांच्या दुकानांच्या गर्दीतून जिना चढून जायचं ते. वाढप्यांच्या डोक्यावर तुऱ्याचे फेटे, टेबलं जुनी, आवाज असा की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. काळ्या कॉफीला तिथे 'इन्फ्यूजन' म्हणतात. बिनदुधाची, स्वस्त. मी पहिल्यांदा गेले २००१ साली. सवयीनं घड्याळ लावलं. दोन इन्फ्यूजन, दोन तास दहा मिनिटं, आणि एकानंही 'और कुछ?' म्हणून बिल आपटलं नाही. आपल्याकडे स्टेशनजवळच्या हॉटेलात दुसरा घोट घ्यायच्या आत फडका फिरतो टेबलावर.

त्या दिवशी जागा नव्हती म्हणून एक गृहस्थ परवानगी विचारून माझ्या टेबलावर बसले. धोतर, जाड चष्मा. पेपर उघडला, तासभर वाचला, माझ्याशी एक शब्द नाही. उठताना पेपराची नीट घडी घातली आणि माझ्यापुढे ठेवून गेले. बंगाली पेपर. मला बंगाली वाचता येत नाही हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत ते जिन्यावर होते. तो पेपर मी ठाण्याला आणला आणि पुढे बरीच वर्षं कपाटातल्या पैठणीखाली तोच अंथरलेला होता.

तुम्ही तीन दिवस होतात म्हणता. ते बहुधा व्हिक्टोरिया, बेलूर, काली असे गाडीतून गेले असतील. कलकत्ता गाडीतून बघायचं शहर नाही. तिथली माणसं संध्याकाळी घरात थांबतच नाहीत. दाराबाहेरच्या ओट्यावर, चहाच्या टपरीवर, मातीच्या भांड्यातला दोन घोट चहा धरून तासभर उभी. 'अड्डा' म्हणतात त्याला. बायकाही असतात, हे महत्त्वाचं. अशा रस्त्यावर मी एकटी उभी राहिले तर मी एकटी दिसतच नाही. ट्राम तेव्हा बऱ्यापैकी धावायची, १८७३ पासूनची, आणि इतकी हळू की चालत्या ट्राममधून दुकानातल्या साडीचा भाव वाचता यायचा. आता ती नावापुरतीच उरली आहे.

प्रश्न : बडोदा यादीत का नाही? आम्हा बडोदेकरांना वाईट वाटलं.
*एक वाचक, मूळ बडोदा, सध्या कोपरी*

बडोदा यादीत नाही कारण बडोद्यात मी कधी प्रवासी झालेच नाही. दांडिया बझारमधून चालताना मागून 'अगं, भाजी घेतलीस का?' असं ऐकू आलं की वाटायचं ठाण्याच्या गोखले रोडला आहोत. गावाच्या मध्यात सूरसागर, भोवती कठडा, कठड्यावर माणसं. न्याहारीला सेव-उसळ, नावातच आपली उसळ आणि पातेल्यात गुजरात. परक्या गावाला मार्क देता येतात, मामाच्या गावाला कसले देणार?

तरी एक आठवण देते, म्हणजे वाईट वाटणं कमी होईल. मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय, सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून तज्ज्ञ आणून उभं केलेलं. पुस्तकांच्या मांडण्या लोखंडी आणि मजल्यांची जमीन जाड काचेची, उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. मी साडीत होते. पहिली पायरी चढले, खाली बघितलं, काच दिसली, आणि तिथेच थिजले. तिथल्या बाई हसायला लागल्या. म्हणाल्या, "काळजी करू नका, आरपार दिसत नाही. आम्ही सगळ्यांनी नोकरीच्या पहिल्या दिवशी हेच केलं होतं." ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, म्हणजे वयानं ते मोठं, हे मी त्यांना तेवढ्यातल्या तेवढ्यात सांगून घेतलं.

प्रश्न : इंदूर इतक्या वेळा देशात सर्वांत स्वच्छ ठरलं. तुमचा शेरा?
*एक वाचक, वागळे इस्टेट*

स्वच्छ आहे. पोहे-जिलबीला तोड नाही. पण इंदूरची संध्याकाळ रात्री नऊनंतर सुरू होते. सराफ्यात सोनारांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू, रबडीच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटून गेली तरी गाव खातंच असतं. सकाळी शाखेच्या दारात उभं राहणाऱ्या माणसाला हे वेळापत्रक परवडत नाही. दोष इंदूरचा नाही, माझ्या पोटाचा आणि झोपेचा.

प्रश्न : परदेशातलं सर्वांत आवडतं शहर कोणतं?
*एक वाचक, कळंबोली*

युरोप मी बारा दिवसांत नऊ शहरं असा केला, ग्रुपनं. त्यातलं एकही मी पाहिलं असं शपथेवर सांगणार नाही. सगळीकडे बसमधून उतरायचं, फोटो, स्वच्छतागृह, मोजणी, बस. पॅरिस म्हटलं की मला आयफेल टॉवरआधी आमच्या सीट नंबर २२ वरच्या काकू आठवतात, कारण त्या हरवल्या होत्या.

इस्तंबूल मात्र भाचीबरोबर आठ दिवस राहून पाहिलं. युरोपच्या काठावरून आशियाच्या काठावर रोजची फेरीबोट जाते, कामावरून सुटलेली माणसं तिच्यात छोट्या कमरेच्या ग्लासातून चहा पितात आणि गलाता पुलावर संध्याकाळभर गळ टाकून उभी राहतात. मांजरं कुणाच्याही मांडीवर. माझ्या मांडीवर एक चाळीस मिनिटं झोपलं होतं. माझ्या मोजपट्टीवर शंभरपैकी शंभर. एवढंच पुरे.

प्रश्न : 'सेक्टर-सेक्टरच्या गावांना संध्याकाळ नसते' हे तुमचं वाक्य वाचून संताप आला. तुम्ही ठाणेकर लोक नवी मुंबईला अजून खाडीपलीकडचं जंगल समजता का? कधी आला होतात शेवटचं?
*एक वाचक, नेरूळ*

बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा पटलं. म्हणून हे उत्तर जरा लांबेल.

ते वाक्य मी खरं तर चंदीगडवर लिहिलं होतं. २००९ साली तीन आठवडे सेक्टर २२ मध्ये राहिले. सेक्टर म्हणजे आठशे मीटर गुणिले बाराशे मीटर, सगळं आखलेलं, झाडं सुरेख, चौक गोल. पण संध्याकाळी सहाला बाहेर पडलं की सगळे घरी परतणारे. थांबलेलं कुणीच नाही. पत्ता चुकायचीही सोय नाही, आणि न चुकता कसलं फिरणं! तिथे मला वाचवलं सुखना तलावानं. १९५८ साली बांध घालून केलेला तलाव. त्याच्या काठावर संध्याकाळी सगळं गाव तुरुतुरु चालत असतं, आणि दगडी कठड्यावर बसलेल्या माणसाकडे ढुंकून बघत नाही. तेवढ्यासाठी चंदीगडला मी नापास केलं नव्हतं.

नापास केलं ते गुडगावला. २०१४ साल, अजून गुरुग्राम झालेलं नव्हतं. लॉजच्या खिडकीतून समोर रस्त्यापलीकडे खानावळीची पाटी दिसायची. पायी जायला वाट नाही. पदपथ थोडा वेळ असायचा, मग एकदम संपायचा, जसा काही बांधणाऱ्याचा रस गेला. पलीकडे जायचं म्हणून रिक्षा केली, ती पुढे जाऊन वळून येईपर्यंत चाळीस मिनिटं. जेवून खिडकीत उभी राहिले तर पाटी तिथेच, हाकेच्या अंतरावर. ज्या गावात रस्ता ओलांडता येत नाही त्या गावावर मी आणखी काय लिहू?

आता नवी मुंबई. माझी थोरली बहीण ऐंशीच्या दशकात वाशीला राहायला गेली. रेल्वे नव्हती, ती १९९२ साली आली. त्याआधी खाडीपुलावरून बस. आम्ही माहेरची माणसं तिच्याकडे जायचो ते डबा बांधून, परगावी निघाल्यासारखे. ती म्हणायची, "पाणी आहे, वीज आहे, रुंद रस्ते आहेत, फक्त हाक मारायला कुणी नाही." सिडकोनं, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीनं, सगळं आखलं, पण शेजार आखून मिळत नाही. माझ्या डोक्यात तेच चित्र बसलं, आणि मी ते तीस वर्षं तसंच जपून ठेवलं. तपासणी न करता शेरा मारला. हे माझ्या हाताखालच्या पोरांनी केलं असतं तर मी त्यांना फाडून खाल्लं असतं.

शेवटचं कधी आले होते, हा तुमचा प्रश्न मात्र अवघड आहे. त्याचं उत्तर पुढच्या पत्रात येईल.

प्रश्न : ठाण्याला तुमच्या मोजपट्टीवर किती मार्क? खरं सांगा.
*एक वाचक, चरई*

तुम्हाला वाटत असेल मी तलावपाळीचे गोडवे गाईन. गातेच. ही सहा ते नऊची मोजपट्टी मुळात तिथेच तयार झाली. मासुंदा तलावाचा कठडा, एका अंगाला गडकरी रंगायतन, पाण्यात मध्ये महादेवाचं देऊळ, पलीकडे कोपिनेश्वर. भेळ, कणीस, पॅडलच्या होड्या, बाकावर रुसलेली जोडपी. लग्नाआधी मी तिथे रोज बसायचे आणि मला वाटायचं प्रत्येक गावात अशी एक जागा असतेच. नसते, हे पुढे १९ वर्षं फिरून कळलं.

निवृत्त झाल्यावर ठरवलं, आता रोज संध्याकाळी सहाला कठड्यावर. पहिल्या दिवशी गेले, बसले, घड्याळ बघितलं. चौथ्या मिनिटाला समोरच्या इमारतीतल्या वहिनी. "अगंबाई, एकट्याच? बरं आहे ना सगळं?" सातव्या मिनिटाला बँकेतले जुने सहकारी, पेन्शनचा फरक मिळाला का विचारत. मग मुलाच्या शाळेतल्या बाई. दुसऱ्या दिवशी घरी फोन, तुमच्या आई तलावपाळीला एकट्या बसल्या होत्या म्हणे, काही झालंय का? मुलानं ऑफिसातून मला फोन केला. आवाजात काळजी. नोकरीभर आग्र्यात आणि गुडगावात जो प्रश्न ऐकला, तोच माझ्या गावात, माझ्या भाषेत, दर तीन मिनिटांनी. मार्क मागताय ना? इतर सगळ्यात उत्तम, पण 'अकेली हैं?' या रकान्यात ठाणे आग्र्याच्या खाली आहे. स्टेशनाबाहेरच्या गर्दीचं आणि घोडबंदर रोडचं मी बोलतही नाही, त्याची तपासणी तुम्ही रोज करताच.

म्हणून, नेरूळच्या बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. शेवटचं मी नेरूळला आले ती गेल्या मंगळवारी. त्याआधी त्याच्या आधीच्या मंगळवारी. गेली दोन वर्षं मी पाच-सव्वापाचच्या सुमाराला ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडते, नेरूळला उतरते, रिक्षानं पाम बीच रोडजवळच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'ला येते आणि पाण्याकाठच्या एका बाकावर बसते. घरी सांगते, बहिणीकडे जाते. थंडीत आणि उन्हाळ्यात खाडीवरून फ्लेमिंगो उडत जातात, लांबून गुलाबी रेघ ओढल्यासारखे. पळणारी मुलं पळत असतात, चालणारे चालतात, मला कुणी ओळखत नाही. आजपर्यंतचा विक्रम एक तास पन्नास मिनिटांचा आहे. ती बैठक मोडली एका छोट्या मुलानं, त्याचा चेंडू माझ्या पायाशी आला म्हणून.

ते वाक्य मागे घेते. फक्त एक विनंती : मंगळवारी तिथे बॉबकट केलेली, पाण्याची स्टीलची बाटली घेतलेली म्हातारी दिसली तर ओळख दाखवू नका.